वरची जिम, खालची जिम

आमच्या सकाळच्या चहाच्या टेबलावर कोणी नवीन माणूस येऊन बसला आणि त्यानं सहज विचारलं, “सर, जिम लावायची आहे, महागडी लावू की साधी?” तर त्याला उत्तर मिळत नाही. त्याचा पाऊण तास जातो. एक जण किस्सा सुरू करतो, दुसरा म्हणतो थांब, त्याच्या आधीचं सांग, आणि तोवर आणखी एक चहा सांगितलेला असतो. एका वर्षात इतके किस्से साचलेत की विचारणारा शेवटी वैतागतो आणि म्हणतो, जाऊ द्या, मी सकाळी फिरायलाच जात जाईन. तोही व्यायामच आहे, आम्ही अडवत नाही.

आता माणसं सांगून ठेवतो. मी अकोल्यात जठारपेठेत राहतो, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. विलास मोहोड आणि सुभाष तायडे हे माझे शाळेपासूनचे मित्र. मोहोडची धान्याची अडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल त्याच्याकडे येतो, मापला जातो आणि विकला जातो. तायडे जिल्हा परिषदेत साहेब आहे, रोज गावोगाव दौरे. दोघंही पन्नाशीचे, आणि दोघांचीही पोटं त्यांच्याआधी दारातून आत येतात.

जिमही दोन. खालची जिम गजूभाऊची. गजूभाऊ मूळ पातूरकडचा पैलवान. मोहोडच्या अडतीमागे मोहोडचंच एक टिनाचं शेड आहे, त्यात गजूभाऊनं वीस वर्षांपूर्वी जिम टाकली. फी इतकी कमी की ती मागायलाही त्याला लाज वाटते. वरची जिम समोरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या माळ्यावर. काचेच्या भिंती, एसी, लॉकर, पुदिन्याचं पाणी. तिथली वर्षाची फी एकदम भरावी लागते आणि तेवढ्यात एक जुनी स्कूटी येते.

*

खालच्या जिममधल्या प्लेटा कुठल्या कंपनीच्या नाहीत. काही भंगारातून आलेल्या, काही बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून. त्यांच्यावरचे आकडे गजूभाऊनं अंदाजानं रंगवलेले. तायडे एकदा हिवाळाभर वीस किलोची प्लेट उचलून खूश होता. ऑफिसात सांगितलं, घरी सांगितलं, मला तर तीनदा सांगितलं. मोहोडला ते सहन झालं नाही. त्यानं ती प्लेट उचलून सरळ अडतीवरच्या काट्यावर नेऊन ठेवली.

काट्यावर श्यामराव असतात. मोहोडकडचे तीस वर्षांपासूनचे मापारी, माल मोजून चिठ्ठी देणारे. फार कमी बोलतात. पोतं काट्यावर आलं की आकडा पाहतात, त्यातून बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, एक किलो कापतात. मग मालात हात घालतात, बोटं चोळून ओल पाहतात, ओल असली तर तीही कापतात आणि राहिलेलं चिठ्ठीवर लिहितात. ही पद्धत मोहोडच्या वडलांनी घालून दिली आणि मोहोडनं ती जिवापाड जपली. त्याच्या बंगल्याचा वरचा माळा या ओलीवरच उभा आहे असं तायडे तोंडावर म्हणतो.

तर प्लेट काट्यावर अठरा किलो भरली. श्यामरावांनी चिठ्ठीवर सतरा लिहिले.

तायडे आधीच दोन किलोंनी खचलेला. तो म्हणाला, “श्यामराव, लोखंडाले कायचं बारदान?”

“सवय हाय साहेब,” श्यामराव म्हणाले. “काट्यावर आलं का कापल्या जाते.”

तेव्हापासून मी माझं वजन तिथेच करतो. घरचा काटा अठ्ठ्याहत्तर दाखवतो, श्यामराव सत्त्याहत्तर देतात. डॉक्टरांना मी श्यामरावांचाच आकडा सांगतो.

*

मोहोड वरच्या जिममध्ये गेला तो मे महिन्यात, आणि अकोल्यातला मे ज्यानं काढला आहे तो त्याला दोष देणार नाही. खालच्या जिममध्ये दुपारच्या बॅचला गजूभाऊ लोखंडी दांड्यावर ओलं पोतं गुंडाळून ठेवायचा, नाहीतर हात भाजायचे. वर एसी. मोहोड पहिले आठ दिवस नुसता एसीखाली बसून आला. मशीनला हात लावला नाही, पण घरी येताना केस ओले, अंगाला पावडरचा वास, चेहरा प्रसन्न.

मग उलगडा झाला. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही, आणि वरच्या जिममध्ये शॉवर होता. मोहोड आंघोळीला जात होता! पंधरा दिवसांनी त्यानं फॅमिली पॅकेज घेतलं आणि वहिनी, सासूबाई, मोठी लेक, सगळे टॉवेल खांद्यावर टाकून लिफ्टनं वर जायला लागले.

तिथे सई मॅडम म्हणून पुण्याहून आलेल्या ट्रेनर आहेत. फार गोड बोलतात, प्रत्येक वाक्यात सर. त्यांनी एकदा मोहोडला लिफ्टमधून स्वतःची बादली आणि तांब्या घेऊन येताना पाहिलं. सर, आपल्याकडे शॉवर आहे की, बादली कशाला, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मोहोड म्हणाला, “मॅडम, शॉवरनं आंग ओलं होते. आंघोळ होत नाई.”

*

एवढ्यावर राहिलं असतं तर आम्ही नुसते हसलो असतो. पण वरच्या जिमच्या काचेतून खाली पाहिलं की गजूभाऊचं टिनाचं शेड दिसतं. पावसाळ्याच्या तोंडाशी मोहोड खरोखर ट्रेडमिलवर चालायला लागला, आणि चालता चालता रोज ते शेड पाहायला लागला. खालची माणसं एकेक करून वर गेली होती. संध्याकाळच्या बॅचला सात-आठ जण उरले होते. अडत्या माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे पोती दिसायला लागतात.

एका सकाळी चहावर त्यानं सांगून टाकलं की दसऱ्याला सोयाबीन येईल, जागा लागेल, तेव्हा शेड खाली करून घेतो. गजूला वरच्या जिममध्ये नोकरीला चिकटवून देतो, त्याचंही भलं होईल.

दुपारपर्यंत ते गजूभाऊच्या कानावर गेलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो प्लेटांवरचे आकडे नव्यानं रंगवत बसला होता. तायडेच्या त्या प्लेटवर आता प्रामाणिकपणे अठरा लिहिलं होतं. मी शेजारी बसलो. ब्रश डब्यात ठेवून तो म्हणाला, “सर, मले दुसरं काही येत नाई. आन् त्या काचेच्या घरात मले कोन उभं करन?” मला फार वाईट वाटलं. पोलीस भरतीला गेलेली अर्धी गल्ली या माणसानं तयार केली आहे, आणि निम्म्यांकडून पैसे घेतलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तायडेनं मोहोडला चहावर गाठलं. तायडे हळवा वगैरे नाही, पण महागडी वस्तू चांगलीच असते हे कोणी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. त्यानं पैज लावली. मोहोडनं वर व्यायाम करावा, तायडे खाली करेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघांचं वजन करायचं. मोहोड हलका भरला तर शेड खाली. तायडे हलका भरला तर शेड गजूभाऊचं, आणि मोहोडनं पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

मोहोड तयार झाला. प्रश्न काट्याचा होता. वरच्या जिमचा काटा तायडेला मान्य नव्हता आणि गजूभाऊकडच्या कशावरच कोणाचा विश्वास नव्हता. तेव्हा मोहोड स्वतः म्हणाला, “श्यामराव मोजन. काट्यावर काय दिसते ते नाई, चिठ्ठीवर जे येईन ते फायनल. माह्या चिठ्ठीवर आजलोक कोनाची तक्रार नाई.”

तक्रार करणारे दुसऱ्या अडतीवर गेले, एवढंच तायडे म्हणाला. मग दोघंही काट्यावर चढून आले. श्यामरावांनी दोघांचंही एकेक किलो बारदान कापलं आणि दोन चिठ्ठ्या दिल्या. दोन्हीवर पंच्याण्णव.

*

वरच्या जिमचं एक ॲप आहे. दिवसभरात जे खाल्लं ते त्यात भरायचं आणि सई मॅडम रात्री तपासणार. मोहोडनं फार मन लावून भरलं. मग श्रावणातल्या एका रविवारी त्याच्या भावाच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम झाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, कणकेचे जाड गोळे गोवरीच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. दोन खाल्ले की माणूस झाडाखाली आडवा होतो. मोहोडनं सात खाल्ले. मी मोजले.

ॲपच्या यादीत रोडगा नव्हता. मोहोडनं बरंच शोधलं आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ‘बिस्किट, लहान’ हे सात वेळा टाकलं. वांग्याची भाजी सॅलडमध्ये गेली. ॲपवर फटाके उडाले. सई मॅडमनी जिमच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकून लिहिलं की रविवार असूनही सरांचा संयम बघा.

मी त्याला म्हटलं, थोडी तरी लाज बाळग. तो मला म्हणाला की यादीत जे नाही ते मी कसं लिहू, मी खोटं लिहिणारा माणूस नाही. पुढे एकदा सई मॅडमला कोणीतरी रोडगे म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी घाबरत घाबरत विचारलं की सर, तुम्ही तूप लावून नाही ना खाल्लेत?

“नाई मॅडम,” मोहोड म्हणाला. “लावत नाई. बुडवतो.”

*

तायडेची अडचण वेगळी होती. तो दौऱ्यावर गेला की प्रत्येक ग्रामपंचायतीत पोहे आणि चहा, आणि मोठं गाव असलं तर भजी. नाही म्हटलं तर सरपंचाला वाटतं साहेब रागावले, आता काम अडवणार. दिवसाला चार गावं म्हणजे चार वेळा पोहे. महिनाभर घाम गाळून तायडेचं वजन अर्धा किलो वाढलं.

वरच्या जिममध्ये पर्सनल ट्रेनरचे वेगळे पैसे पडतात. खालच्या जिमचा पर्सनल ट्रेनर तायडेच्या मोटरसायकलवर मागे बसून दौऱ्यावर गेला. गजूभाऊ सगळीकडे तायडेच्या शेजारी बसायचा आणि तायडेची प्लेट आली की हळूच आपल्याकडे ओढायचा. सरपंचांचा मान राहिला, तायडेचं पोट रिकामं राहिलं.

तायडे उतरायला लागला. सव्वा महिन्यात दोन किलो. गजूभाऊ पाच किलोंनी वाढला. पण त्याचं वजन पैजेत धरलेलं नव्हतं.

*

गणपती झाल्यावर मोहोडला वाटलं की आपण जिंकलोच आहोत. त्याचा साळा अमरावतीला असतो आणि तोही असल्याच एका काचेच्या जिममध्ये जातो. तिथे एक मशीन आहे. त्यावर अनवाणी उभं राहिलं, दोन दांडे हातात धरले की ते आतलं सगळं सांगतं आणि कागद छापून देतं. ते मशीन दाखवायला मोहोड मला आणि तायडेला एसटीनं अमरावतीला घेऊन गेला. जाताना तिथला नामांकित गिला वडा खायचा नाही असं आमचं ठरलं होतं. उतरल्याबरोबर दोन दोन खाल्ले.

मशीननं मोहोडच्या अंगातलं पाणी सांगितलं, हाडं सांगितली, चरबी सांगितली. शेवटच्या ओळीत छापलं होतं, शरीराचं वय एकोणसत्तर. मोहोड बावन्न वर्षांचा आहे. साळा म्हणाला की मशीन नवीन आहे, सेटिंग व्हायचं असेल. मोहोडनं कागदाची घडी करून खिशात घातली.

परतीच्या एसटीत तायडेनं तो कागद मोहोडच्या खिशातून काढला आणि कंडक्टर बाईंपुढे धरला. यांचं अर्धं तिकीट द्या, पासष्टच्या वर आहेत, हा घ्या पुरावा. बाईंनी कागद शांतपणे पूर्ण वाचला. मशीनचा कागद चालत नाही, आधार कार्ड दाखवा, म्हणाल्या आणि पूर्ण तिकीट फाडलं.

मग त्यांनी एकदा मोहोडकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि खिडकीजवळच्या कॉलेजच्या पोरीला उठवून त्याला जागा दिली.

*

त्या एसटीनंतर मोहोड पेटला. एवढं मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो की त्यानं शेवटचा महिना खरोखर मेहनत केली. रोडगे बंद, तूप बंद, सकाळ-संध्याकाळ ट्रेडमिल. वरच्या काचेतून त्याचं धावतं डोकं आम्हाला खालून दिसायचं. गजूभाऊ ते पाहायचा आणि तायडेला आणखी पन्नास दोरीउड्या सांगायचा. पण बावन्नाव्या वर्षी दोरीवर किती उडणार? मी तायडेकडे पाहायचो आणि मला कळायचं की हे काही जमत नाही. गजूभाऊलाही कळत होतं. त्यानं एक जुनी ट्रंक आणून ठेवली होती आणि भिंतीवरचे फोटो काढून तिच्यात भरले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अडतीवर जमलो. सोयाबीनचा हंगाम ऐन जोरात. परतीचा पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे माल ओला आणि शेतकऱ्यांची तोंडं उतरलेली. काट्यापुढे दहा-बारा शेतकरी आपापली पोती घेऊन लाईनीत उभे. श्यामराव त्यांच्या पद्धतीनं माप करत होते. बारदान एक किलो, मालात हात, बोटं चोळायची, ओल दोन किलो, ओल तीन किलो, चिठ्ठी. कोणी कुरकुर केली की गादीवरून मोहोडचं एकच वाक्य यायचं, ओल असली तर कटणारच, नियम सगळ्यांना सारखा.

मोहोडनं लाईन थांबवली आणि पहिला काट्यावर चढला. सरळ वरच्या एसीतून आलेला, आंघोळ केलेला, पावडर लावलेला, कडक इस्त्रीचा शर्ट. काट्यावर आकडा आला एकोणनव्वद. श्यामरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोटं चोळली आणि सांगितलं की माल कोरडा. बारदान कापून चिठ्ठीवर अठ्ठ्याऐंशी. तिथले सगळे हसले, मोहोडही हसला.

मग तायडे. गजूभाऊनं त्याला पहाटेपासून टिनाखाली उड्या मारायला लावलं होतं, की शेवटचे दोनशे ग्रॅम तरी जावेत. ऑक्टोबरची उष्णता आणि वर टिन. तो आला तेव्हा बनियनमधून पाणी गळत होतं, चपला पचपच वाजत होत्या. काट्यावर आकडा आला एक्क्याण्णव.

गजूभाऊ भिंतीकडे वळला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोहोड गादीवरून उठून शेडच्या किल्ल्या शोधायला लागला.

श्यामरावांनी मात्र अजून चिठ्ठी लिहिली नव्हती. त्यांनी तायडेच्या पाठीवर हात ठेवला. हात काढून पाहिला. बोटं एकमेकांवर चोळली, पुन्हा एकदा हात ठेवला आणि पुन्हा चोळली.

“बारदान एक,” ते म्हणाले. “माल लय ओला हाय. ओलीचे तीन.”

आणि त्यांनी चिठ्ठीवर सत्त्याऐंशी लिहिलं.

मोहोड किल्ल्या तशाच हातात धरून धावत आला. “काय करून राहिले, श्यामराव? मानसाले कुठी ओल कापतेत काय?”

श्यामरावांनी चिठ्ठीवर सही केली. ते तीस वर्षांपासून मालकाला उलट बोललेले नाहीत. पण लाईनीत सगळ्यात पुढे उभा असलेला शेतकरी, ज्याच्या अकरा पोत्यांची आताच तीन-तीन किलो ओल कापली गेली होती, तो अगदी नम्रपणे विचारता झाला.

“काहून शेट? ओलीची कट बरोबर नाई काय?”

मोहोडनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या अकरा पोत्यांकडे, मग मागच्या लाईनीकडे. सगळी लाईन त्याच्याकडे पाहत होती. मागून दोघं-तिघं पुढेही सरकले, नीट ऐकू यावं म्हणून. मोहोडनं किल्ल्या खिशात टाकल्या.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “ओल असली तं कटनारच.”

श्यामरावांनी चिठ्ठी फाडून तायडेच्या ओल्या हातात दिली आणि लाईनीकडे पाहून म्हणाले, “चला, पुढचा माल.”